‘आमच्या शाळा चांगल्या आहेत’ असं बोर्ड सदस्य म्हणाले, तर आधी विचारा: कोणत्या शाळा?

गेल्या महिन्यात दोघी जणींनी मला त्यांच्या प्रश्नावल्या वाचायला पाठवल्या. दोघी अमेरिकेत शिक्षण धोरणात पीएचडी करतायत आणि दोघींना मोठ्या शहरांतल्या स्कूल बोर्ड सदस्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. (स्कूल बोर्ड म्हणजे डिस्ट्रिक्टच्या, एका भागातल्या सरकारी शाळांच्या, कारभारावर देखरेख करणारं मंडळ.) दोघींचा पहिला प्रश्न जवळजवळ सारखाच होता: ‘तुमच्या डिस्ट्रिक्टमधल्या शाळांच्या दर्जाला तुम्ही ए ते एफ यांपैकी कोणती ग्रेड द्याल?’ वाचून माझ्या पोटात गोळा आला. हाच प्रश्न माझ्या पीएचडीसाठी मीही विचारला होता आणि त्यात माझे आठ महिने गेले.

डिस्ट्रिक्ट म्हणजे काय, सुपरिंटेंडंट म्हणजे तिथला मुख्य अधिकारी कोण नेमतं, बजेटवर मतदान कोण करतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. एका शब्दापाशी मात्र थांबते, तो म्हणजे ‘अर्बन’, शहरी. आपल्या कानाला शहरातली शाळा म्हणजे खेड्यातल्या शाळेपेक्षा बरी. तिथे उलट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला आणि शाळांना मिळणारा मालमत्ता कराचा पैसाही त्याच्या मागोमाग गेला. 1974 साली डेट्रॉइटच्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र शिकवण्याच्या शहराच्या योजनेत उपनगरांना ओढायला नकार दिला. तेव्हापासून तर ती रेषा आणखीच पक्की झाली. त्यामुळे ‘अर्बन स्कूल’ म्हटलं की समोरच्याला गरीब, कृष्णवर्णीय, लॅटिनो मुलांच्या शाळा ऐकू येतात. मी माझ्या पहिल्या ईमेलच्या विषयातच तो शब्द टाकला होता. एका सदस्य बाईंनी फोन करून शांतपणे विचारलं, ‘नक्की कोणाच्या शाळा म्हणायचंय तुम्हाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या ईमेलमध्ये मी फक्त शहराचं नाव लिहिलं. उत्तरं यायला लागली.

आता मूळ गोष्ट. ती सावकाश सांगते, कारण वाचताना सोपी वाटते आणि नेमकी म्हणूनच हातून निसटते.

चार शहरांतल्या 23 सदस्यांशी मी बोलले. बहुतेकांनी आपल्या डिस्ट्रिक्टला ए किंवा बी दिलं. मग मी अमेरिकेतली शाळांविषयीची सगळ्यात जुनी जनमत चाचणी उघडली. फाय डेल्टा कॅपा ही संस्था 1969 पासून ती घेते. तिच्यात देशभरातल्या सरकारी शाळांना ए किंवा बी देणारे साधारण पाचातले एकच. मी दोन आकडे शेजारी शेजारी मांडले आणि निष्कर्ष लिहिला की, बोर्ड सदस्यांना आपल्या शाळांचं खरं चित्र दिसतच नाही, लोकांच्या आणि त्यांच्या मतांत प्रचंड दरी आहे. प्रबंधाचं चाळीस पानांचं प्रकरण झालं. मला त्याचा अभिमान वाटत होता.

प्रबंध समितीच्या बैठकीत संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकच प्रश्न विचारला: ‘उत्तर देताना कोणाच्या डोळ्यांसमोर कोणती शाळा होती?’

त्याच चाचणीत प्रश्न एक नसतो, तीन असतात. देशातल्या शाळा कशा आहेत? तुमच्या भागातल्या कशा आहेत? आणि पालक असाल तर तुमच्या थोरल्या मुलाची शाळा कशी आहे? माणसं तीच असतात, उत्तरं मात्र पायरीपायरीने चढत जातात. देशासाठी ए किंवा बी देणारे पाचातले एक, आपल्या भागासाठी निम्म्याच्या आसपास, आणि स्वतःच्या मुलाच्या शाळेसाठी सत्तर टक्क्यांच्या आगेमागे. वर्षानुवर्षं हीच ठेवण. शाळा जितकी ओळखीची, तितकी ग्रेड वर जाते.

मी काय केलं होतं? सदस्यांना त्यांच्या जवळच्या शाळांबद्दल विचारलं आणि त्या उत्तराची तुलना लोकांच्या दूरच्या शाळांबद्दलच्या उत्तराशी केली. सदस्यांच्या उत्तराशेजारी निदान ‘आपल्या भागातल्या शाळा’ हा आकडा ठेवायला हवा होता. तो ठेवला तेव्हा दरीचा मोठा भाग नाहीसा झाला. उरलेल्या भागाबद्दलही खात्रीने बोलता येईना, कारण तो आकडा साऱ्या देशाचा आणि माझे सदस्य चार शहरांतले. उपनगरातला माणूस ‘माझ्या भागातल्या शाळा’ म्हणतो तेव्हा तो उपनगराबद्दल बोलत असतो. तुलना करायची तर त्याच शहरातल्या रहिवाशांशी करायला हवी, आणि तसे आकडे माझ्याकडे नव्हते. मी सापडली म्हणत होते ती दरी माझ्या प्रश्नाच्या शब्दांतून आली होती.

हे टाळलं नाहीत तर तुमचा प्रबंध कोसळेल. अगदी स्पष्टच सांगते: विदा (डेटा) गोळा केल्यानंतर ही चूक दुरुस्त होत नाही. मला 23 पैकी 14 जणांकडेच पुन्हा जाता आलं. बाकीच्यांनी वेळ दिला नाही किंवा तोवर ते बोर्डावर राहिले नव्हते.

त्या दुसऱ्या फेरीतली एक मुलाखत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. निवृत्तीनंतर निवडून आलेल्या बाई. टेबलावर येत्या बैठकीचं पॅकेट, तीनशेहून जास्त पानांचं, कडेने पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. पहिल्या वेळी त्यांनी डिस्ट्रिक्टला बी दिलं होतं. या वेळी मी शहराचा नकाशा पुढे ठेवला आणि म्हटलं, एका शाळेवर बोट ठेवा आणि तिची ग्रेड सांगा. त्यांनी बोट ठेवलं ते नातीच्या मॅग्नेट शाळेवर (शहरभरातली मुलं घेणारी, खास विषयांची सरकारी शाळा). ‘ए.’ मग बोट हळूहळू स्वतःच्या रस्त्यावर आलं. तिथल्या हायस्कूलवर ते बराच वेळ तसंच राहिलं. ‘हिला डी. नातीला इथून बाहेर काढायला आम्ही तीन वर्षं प्रवेशाच्या लॉटरीत नाव घातलं.’ मग बी कुठून आलं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘नोव्हेंबरात इमारतींच्या बॉण्डवर, म्हणजे कर्जावर, लोक मतदान करणार आहेत. मीच सी म्हटलं तर पैसे कोण देईल?’

तेव्हा त्या मला फसवत नव्हत्या. आजी म्हणून एक उत्तर होतं, मतदारसंघाची प्रतिनिधी म्हणून दुसरं, आणि अख्ख्या डिस्ट्रिक्टची विश्वस्त म्हणून तिसरं. मी विचारलंच नव्हतं की कोणत्या नात्याने सांगताय. हे लक्षात आल्यावर मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला आणि पहिल्या चाळीस पानांची लाज वाटली.

म्हणून आता माझा क्रम असा आहे. आधी देशातल्या शहरी सरकारी शाळा, मग तुमचं डिस्ट्रिक्ट, मग तुमच्या मतदारसंघातल्या शाळा, मग बोट ठेवाल ती एक शाळा. प्रत्येक उत्तरानंतर एक उपप्रश्न: ‘हे ठरवताना तुमच्या मनात काय आलं?’ खरा माल या उपप्रश्नातच मिळतो. एकाला पदवीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण आठवतं, एकाला गळकं छप्पर, एकाला काल रात्री आलेला पालकाचा फोन. ग्रेड एकच असली तरी तिच्यामागे तीन वेगवेगळे दर्जे असतात.

विद्यार्थ्यांच्या चाचणीच्या गुणांबद्दल थोडक्यात. 2002 साली ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ हा शाळांना परीक्षांच्या निकालांसाठी जबाबदार धरणारा कायदा झाला तेव्हापासून ‘प्रोफिशियंट’ (प्रवीण) हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. 2015 साली त्याच्या जागी नवा कायदा आला, तरी तो शब्द गेला नाही. पण राज्याच्या परीक्षेतलं ‘प्रोफिशियंट’ आणि नेप या राष्ट्रीय चाचणीतलं ‘प्रोफिशियंट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेपमधली ती पातळी म्हणजे इयत्तेला साजेसं येणं नव्हे, त्याहून वरची आहे. 2002 पासून काही मोठ्या शहरांचे नेपचे निकाल वेगळे जाहीर होतात आणि सदस्य ते आकडे बोलण्यात आणतात. कोणता आकडा म्हणताय, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. न लाजता.

ग्रेडपेक्षा कारणांची भाषा जास्त ऐका, हे मला आयोवाच्या स्कूल बोर्ड संघटनेच्या अभ्यासातून कळलं. 1998 ते 2000 च्या सुमारास त्यांनी जॉर्जिया राज्यातल्या, विद्यार्थ्यांची प्रगती चांगली असलेल्या आणि नसलेल्या डिस्ट्रिक्टांतल्या लोकांशी बोलून पाहिलं. चांगल्या ठिकाणचे बोर्ड सदस्य मुलांच्या क्षमतेवर विश्वास ठेवून बोलत आणि शाळेत काय बदलायचं ते सांगत. दुसऱ्या ठिकाणचे मुलांच्या घरच्या परिस्थितीला मर्यादा मानून बोलत. अभ्यास मोजक्या डिस्ट्रिक्टांचा आहे, त्यावरून साऱ्या देशाबद्दल बोलू नका. पण तो वाचल्यावर मी माझी टिपणं पुन्हा काढली. ‘आमच्याकडची मुलं अशी असतात’ आणि ‘आम्ही अजून हे केलेलं नाही’ या दोन वाक्यांखाली वेगवेगळ्या रंगाच्या रेघा मारल्या. सी देणाऱ्या दोघांची पानं दोन पूर्ण वेगळ्या रंगांची झाली.

बोर्ड कसं बनलंय हेही आधीच पाहून ठेवा. बॉस्टनमध्ये 1992 पासून सदस्य महापौर नेमतात. डेट्रॉइटला अनेक वर्षं राज्याच्या ताब्यात राहिल्यावर 2017 च्या सुरुवातीला निवडलेल्या बोर्डाकडे कारभार परत आला. शिकागोत 1995 पासून महापौरांचं नियंत्रण होतं. 2024 च्या निवडणुकीनंतर 21 जणांचं बोर्ड आलं, त्यातले 10 निवडलेले. ह्यूस्टनमध्ये 2023 साली टेक्सास राज्याने निवडलेल्या बोर्डाचे अधिकार काढून नेमलेले लोक बसवले. ज्याच्या हातून अधिकार गेले आहेत त्याला ‘शाळांचा दर्जा’ विचारलात, तर तो आधी अधिकाराबद्दल बोलेल. त्याला मध्येच तोडून विषयावर आणू नका. त्याच्यासाठी तोच विषय आहे.

आता शॉर्टकटबद्दलची माझी मतं, पटली नाहीत तरी वाचा. देशभरातल्या सगळ्या सदस्यांना ऑनलाइन सर्व्हे पाठवायचा मोह धरू नका. सदस्यांचे सार्वजनिक ईमेल बऱ्याचदा ऑफिसातलं कोणीतरी उघडतं, आणि उत्तर देतात ते ज्यांच्याकडे सांगण्यासारखं चांगलं आहे ते. कोणाची तयार प्रश्नावली उचलणार असाल तर तिच्यातली ‘तुमच्या शाळा’ ही शब्दयोजना आधी तपासा. आणि सदस्यांचा एकत्र गट बोलावणं तर विसराच. बहुतेक राज्यांत बोर्डाच्या निम्म्याहून जास्त सदस्यांनी एकत्र बसून कामकाजावर बोलणं म्हणजे कायद्याने बैठकच. तिची जाहीर सूचना द्यावी लागते. सातांच्या बोर्डातले चौघे तुमच्या कॉफीच्या टेबलाभोवती बसले तर अडचणीत ते येतात. माझ्या वर्गातल्या एकाच्या हातून हे होता होता राहिलं, तेही बोर्डाच्या सेक्रेटरीने वेळेवर फोन केला म्हणून.

त्या सेक्रेटरीलाच मी गुरू मानते. मोठ्या नावाचा मार्गदर्शक मिळावा म्हणून मी एक वर्ष थांबले होते. त्या मार्गदर्शकांनी माझं प्रकरण वाचलं, इंग्रजी दुरुस्त केलं, पण मूळ प्रश्नातली चूक त्यांच्या नजरेतून सुटली. ती दिसली वेळ काढून आकड्यांचा तक्ता बघणाऱ्या संख्याशास्त्राच्या तरुण प्राध्यापकांना. आणि कोण कधी मोकळं बोलेल, कोणाशी बजेटच्या महिन्यात बोलू नये, हे सांगितलं बोर्डाच्या ऑफिसात वीस वर्षं इतिवृत्त लिहिणाऱ्या या सेक्रेटरी बाईंनी. मार्गदर्शक निवडताना त्याचे किती लेख छापून आलेत ते मोजत बसू नका. तुमचं पान त्याच्याकडून किती दिवसांनी परत येतं, ते बघा.

रेकॉर्डर बंद झाल्यावर ऐकलेलं लेखी परवानगीशिवाय वापरायचं नाही. बॉण्डचं ते वाक्य मी नंतर लेखी विचारूनच घेतलं. सात जणांच्या बोर्डात ‘निवृत्त शिक्षिका’ एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो, हेही लक्षात असू द्या.

आणि घाबरू नका, हे मनापासून सांगते. पहिल्या फोनच्या वेळी माझे हात थरथरत होते. आपला उच्चार, आपलं बाहेरून आलेलं असणं, आपल्याला कोण उत्तर देणार, असं वाटायचं. प्रत्यक्षात बाहेरची असण्याचा मला फायदा झाला. मी कोणत्याच गटाची नव्हते. यातले बरेच लोक नाममात्र मानधनावर रात्री अकरापर्यंत बैठकीत बसतात, दर महिन्याला लोकांची बोलणी ऐकतात, आणि ‘तुम्हाला काय दिसतं?’ असं त्यांना क्वचितच कोणी विचारतं. एका सदस्याने अर्धा तास दिला होता आणि आम्ही अडीच तास बोललो.

त्या दोघींपैकी एकीच्या शहरात नोव्हेंबरात बोर्डाची निवडणूक आहे. तिने मुलाखती जानेवारीनंतर ढकलल्यात. दुसरीला मी चार प्रश्नांचा क्रम आणि नकाशाची पद्धत पाठवली. तिने परवा दोन ओळखीच्या माजी सदस्यांवर ती करून पाहिली. एकाने नकाशावर बोट ठेवायलाच नकार दिला. तिने विचारलं, याला कोरं उत्तर म्हणून नोंदवू का? मी कळवलं, नकार म्हणूनच नोंदव, आणि तो किती वेळ नकाशाकडे बघत होता तेही लिही.