कॅराव्हॅनच्या टाक्या रिकाम्या करणं आणि धुणं: पाणी उलटं वर येऊ नये म्हणून

कॅराव्हॅनच्या खाली दोन टाक्या असतात. संडासातलं सगळं जातं ती मैल्याची टाकी, आणि बेसिन, ओटा, शॉवर यांचं पाणी जातं ती सांडपाण्याची. या लेखातले आकडे प्रत्येकी ८० लिटरच्या टाक्या, तळाला तीन इंची तोंड आणि ओढून उघडायचा गेट व्हॉल्व्ह असलेल्या गाडीचे आहेत. तुमची टाकी लहान-मोठी असेल तर आकडे त्या हिशेबाने बदला. लहान व्हॅनमध्ये टाकीऐवजी हाताने काढून न्यायची कॅसेट असते, तिचं शेवटी सांगतो.

महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण परदेशात असतात तशी टाक्या ओतायची ठिकाणं आपल्याकडे वाटेत सहसा सापडत नाहीत. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांपुढे मार्ग उरतो तो आपल्या सोसायटीच्या ड्रेनेज चेंबरचा. सेक्रेटरीला आधी विचारून ठेवा. सोसायटीचा स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) असेल तर टाकीत कुठलं केमिकल घातलंय हेही सांगा. फॉर्मॅलिन असलेली औषधं एसटीपीतले जंतू मारतात, आणि तो प्लांट चालतो तो त्या जंतूंवरच.

चेंबर कोणतं

जाळीचं झाकण दिसलं की पाइप सोडू नका. ते पावसाळी गटार असतं, त्यावर पुढे कुठेही शुद्धीकरण नसतं. नवी मुंबईतली पावसाळी गटारं आणि नाले धारण तलावांतून किंवा थेट खाडीत उतरतात, आणि ठाणे खाडी २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. ‘रात्री गटारात सोडून द्या, कोण बघतंय’ हा सल्ला देणाऱ्याला गाडीजवळ उभं करू नका.

मैल्याचं चेंबर ओळखायची खात्रीची रीत: झाकण उचला, पहिल्या मजल्यावरच्या कुणाला तरी फ्लश करायला सांगा आणि उभ्यानेच आत बघा. पाणी तळाच्या अर्धगोल नालीतून वाहत गेलं तर हेच चेंबर. त्याच्या अलीकडे, भिंतीलगत चौकोनी लहान गली ट्रॅप असतो. तो बाथरूम आणि ओट्याच्या पाण्यासाठी असतो. त्याच्या बाकदार नळीतून मैल्याचा लोंढा जात नाही, तो अंगणात येतो.

चेंबर मिळालं म्हणून लगेच व्हॉल्व्ह ओढायचा नाही. नालीच्या वरपर्यंत पाणी तुंबलेलं दिसलं तर पुढची लाइन चोक आहे, ती साफ होईपर्यंत थांबा. कोरडं दिसलं तरी तीन बादल्या साधं पाणी एकामागून एक झटकन ओता. मिनिटभरात पातळी खाली गेली तर लाइन मोकळी आहे. पाणी रेंगाळलं तर तुमचे ८० लिटर तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी बाथरूमच्या जाळीतून वर येणार आहेत. पावसाळ्यात जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी असेल तर हे काम पुढे ढकला, तेव्हा लाइनी आधीच भरून वाहत असतात. आणि चेंबरमध्ये वाकून बघायचं नाही, उतरायचं तर मुळीच नाही. आत साचलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास जास्त प्रमाणात येईनासा होतो, म्हणून वास गेला याचा अर्थ गॅस गेला असा होत नाही. सुरक्षा साधनांशिवाय चेंबरमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या हाताने मैला सफाईविरोधी कायद्याने बंदी आहे. चोक काढायचा तर मशीनची गाडी बोलवा.

जोडणी

टाकीच्या तोंडावरची वळवून अडकवायची (बायोनेट) कॅप काढण्याआधी खाली घमेलं ठेवा. व्हॉल्व्हचं रबर थोडं झिजलेलं असलं तरी कॅपच्या मागे लिटरभर साचलेलं असतं आणि ते थेट बुटावर येतं. परदेशी बनावटीचं तोंड आणि आपला ७५ एमएमचा पीव्हीसी पाइप एकमेकांत बसत नाहीत. ओढूनताणून बसवू नका, रबर कपलर आणि दोन होज क्लिप लावा. सुरुवातीलाच एक पारदर्शक एल्बो (काटकोनी जोड) टाका, त्याचा उपयोग पुढे कळेल. होजला दर मीटरला निदान दोन सेंटीमीटर उतार हवा, मध्ये झोळ नको. चेंबरमधलं टोक वाहत्या दिशेने वळवा आणि त्यावर वीट ठेवा, कारण व्हॉल्व्ह उघडला की पहिल्या धक्क्याला होज उसळून बाहेर येतो.

गाडी तोंडाच्या बाजूला किंचित कललेली असावी. पोडियमच्या पार्किंगमध्ये उतार बहुधा उलटाच असतो, तिथे पलीकडच्या चाकांखाली एक फळी पुरते. चाकांना गुटके लावा.

रिकामं करणं

आधी मैल्याची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाचं पाणी होज धुऊन नेतं. व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडा. टाकी दोन तृतीयांश भरलेली असेल तेव्हाच ओता. कमी असेल तर व्हॅनमधूनच पाणी घालून तेवढी करा, कारण घट्ट माल पुढे ढकलतो तो पाण्याचा लोंढा.

धुणं: गडबड होते ती इथे

टाकी ‘रिकामी’ झाली तरी तळाला गाळ आणि कोपऱ्यांत कागद राहतो. तो काढायला बहुतेक जण व्हॉल्व्ह उघडा ठेवून वरून पाणी सोडतात. त्याने काही होत नाही. पाणी तळातून स्वतःपुरती एक वाट करतं आणि त्याच वाटेने निघून जातं, दोन्ही बाजूंचा गाळ होता तिथेच. अर्धा तास पाणी वाया जातं आणि एल्बोमध्ये स्वच्छ पाणी बघून माणूस खूश होतो.

टाकी धुवायची तर व्हॉल्व्ह बंद करून, पाणी भरून, मग एकदम सोडूनच. आणि व्हॉल्व्ह बंद करून पाणी भरायचं म्हणजे टाकी भरून पाणी उलटं वर यायचा धोका आलाच. मैला सांडल्याचे जेवढे प्रकार होतात त्यातले बहुतेक ओतताना होत नाहीत, धुताना होतात: नळ चालू, व्हॉल्व्ह बंद आणि माणूस फोनवर.

पाणी किती भरलं हे गाडीतल्या मीटरवर बघू नका. टाकीच्या भिंतीतल्या सेन्सरच्या खिळ्यांना कागद किंवा चिकटा लागला की टाकी रिकामी असतानाही मीटर अर्धं भरल्याचं दाखवतं. असं मीटर एकदा खोटं बोललं की माणूस त्याच्याकडे बघणंच सोडतो, आणि नेमकी त्या दिवशी टाकी खरोखर भरलेली असते. भरवसा घड्याळावर ठेवा.

घरात पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार असतो, तो घ्या. बादली नको, ‘२० लिटरची’ म्हणून घेतलेली बादली सोळाचीही निघू शकते. ज्या नळाने आणि ज्या होजने टाकी धुणार त्यानेच, त्याच वेळी, जार भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. समजा ९० सेकंद लागले. म्हणजे ५० लिटरला २२५ सेकंद, पावणेचार मिनिटं. मोबाइलवर तेवढा टायमर लावा. कालचं माप आज वापरू नका. इमारतीच्या वरच्या टाकीत पाणी किती आहे, पंप चालू आहे का, वर किती जण आंघोळ करताहेत, यावर तळमजल्याच्या नळाचा जोर सकाळ-दुपार बदलतो.

८० लिटरच्या टाकीत ५०च का? एक तर तळाशी किती गाळ बसलाय ते तुम्हाला माहीत नाही. दुसरं, गाडी कललेली आहे, त्यामुळे एका टोकाला पाणी आधी वर पोचतं. आणि ५० लिटरच्या लोंढ्यात गाळ हलवायचा जोर पुरेसा असतो. पहिल्यांदा ओतताना प्रवाह काही सेकंदांतच संपला असेल तर आत ढीग बसलाय असं समजा आणि पहिली फेरी ३० लिटरचीच करा.

टायमर चालू असताना एक माणूस नळापाशी. तिथून हलायचं नाही. दर मिनिटाला हा क्रम: आधी नळ बंद, मग संडासाच्या भांड्याच्या तळाचं झाकण उघडा, मग टॉर्च. क्रम उलटा केलात आणि छतावरची हवेची नळी बुजलेली असली तर आत दाबलेली हवा झाकण उघडताच वर येते, एकटी येत नाही. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा. टॉर्चच्या उजेडात पाणी गळ्यापासून वीतभर खाली दिसलं की टायमर काहीही सांगो, भरणं बंद.

पाणी जास्त झालं तर ते छतापर्यंत चढायची वाट बघत नाही. त्याआधी संडासाच्या झाकणाचं रबर हार मानतं आणि पाणी भांड्यातून फरशीवर येतं. सांडपाण्याच्या टाकीचं सर्वात खालचं तोंड म्हणजे शॉवरची जाळी, टाकी भरली की पाणी तिथून वर येतं. शॉवरच्या तळाशी आपोआप पाणी जमलं की ‘जाळी तुंबली’ म्हणून काडी घालत बसू नका, टाकी ओता.

तर भरा, पाच मिनिटं भिजू द्या, एकदम सोडा. एल्बोमध्ये बघा. साधारण तीन फेऱ्यांत पाणी स्वच्छ येतं. तरी तुकडे येतच राहिले तर ५० लिटर भरून गाडी फिरवून आणा. पाम बीच रोड यासाठी फार गुळगुळीत आहे, घोडबंदर रोड जास्त कामाचा. बर्फाचे खडे टाकून गाडी चालवायची क्लृप्ती सर्रास सांगितली जाते. आपल्या उन्हात तो बर्फ पहिल्या सिग्नललाच पाणी होतो, घासत काही नाही. कपड्यांची पावडर टाकू नका, फेस नळीतून वर चढतो. ॲसिड आणि ब्लीच तर नकोच: दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन निघतो.

धुण्याचा होज वेगळा ठेवा, रंगही वेगळा. पिण्याच्या पाण्याच्या होजला मैल्याच्या टाकीजवळ फिरकू देऊ नका. नळाला उलटं पाणी न येऊ देणारा व्हॅक्युम ब्रेकर लावा. पंप बंद पडला तर लाइन पाणी मागे ओढते, आणि ती लाइन अख्ख्या इमारतीची आहे.

हवेची नळी

टाकी ओतताना ‘गुडगुड’ आवाज आला, प्रवाह अडखळत आला, किंवा फ्लश केल्यावर वास भांड्यातून उसळला तर छतावर चढून नळी बघा. कोकणातून किंवा माळशेजवरून आल्यावर आत कुंभारमाशीचं मातीचं घर हमखास सापडतं. तारेने काढा आणि तोंडावर स्टीलची जाळी बांधा. बारीक मच्छरदाणीची जाळी नको, ती धुळीने बुजते.

व्हॉल्व्ह, जेट स्प्रे आणि बाकीचं

व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर दांडा ठोकू नका. खाचेत कागद किंवा खडा असतो. अर्धा उघडून वरून पाण्याची जोरदार धार मारा, दोन-तीनदा मागे-पुढे करा. दांड्याला सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल किंवा इंजिन ऑइल लावलं तर रबर फुगतं.

कॅम्पवर असताना मैल्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून कधीही राहू नका. पाणी निघून जातं, घट्ट भाग तोंडाशी वाळतो आणि पुढच्या वेळी मशीन लागतं.

परदेशी सल्ल्यांत ‘फ्लशला भरपूर पाणी घाला’ असतं. ते कागद वापरणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे जेट स्प्रे असतो आणि तो मिनिटाला पाच-सहा लिटर सोडतो. अर्धा मिनिट वापरला तरी तीन लिटर गेले, वर फ्लश. चौघांच्या कुटुंबाची ८० लिटरची टाकी दोन दिवसांत भरते. स्प्रेऐवजी लोटा ठेवलात तर ती दुप्पट दिवस पुरते, आणि लोट्याचं माप मोजताही येतं.

सांडपाण्याच्या टाकीत तेल, चहाचा चोथा आणि भाताची पेज जाऊ देऊ नका. मेच्या उन्हात ती मैल्याच्या टाकीपेक्षा लवकर आंबते.

काम झालं की व्हॉल्व्ह बंद, मैल्याच्या टाकीत ८-१० लिटर पाणी आणि सेप्टिक टँकसाठी मिळते ती जिवाणूंची पावडर. टाकी कोरडी ठेवू नका.

कॅसेट असेल तर

चेंबरची गरज नाही, घरच्या संडासात ओता, पण एका दमात नाही. भांड्याखालची बाकदार नळी लहान असते, २० लिटर एकदम आले तर पाणी कडेपर्यंत चढतं. चार-चार लिटर ओता, मध्ये थांबा. ओतताना कॅसेटवरचं हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा, म्हणजे धार एकसारखी येते. बटण सोडलं की ती गचके देते आणि भिंत रंगते. धुवायला पाणी भरताना कॅसेटची नळी वर आणली की बटणावरचा अंगठा काढा. कॅसेट उभी करण्याआधी तोंडाचं झाकण आटे बसेपर्यंत फिरवलंय ना, ते हाताने चाचपून बघा.