गच्चीवरचा साय-फाय: आधी अंधार, मग प्रोजेक्टर

साय-फाय साहसपटाची निम्मी जादू काळ्या रंगात असते. ताऱ्यांमागची पोकळी, यानाची सावलीतली बाजू, गुहेच्या तोंडाशी हललेलं काहीतरी, हे सगळं काळं खरोखर काळं दिसलं तरच अंगावर येतं. म्हणून गच्चीवर सिनेमा लावायचा असेल तर महागडा प्रोजेक्टर शोधण्याआधी अंधाराची सोय करा.

नाशिकमध्ये यासाठी डिसेंबर सगळ्यात चांगला. महिन्याच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि आकाश पुरतं काळवंडायला पाऊण तास लागतो. पावणेसातला लावलेला अडीच तासांचा सिनेमा मध्यंतर धरून साडेनऊपर्यंत संपतो. मे महिन्यात सूर्यास्तच सातनंतर होतो, त्यामुळे शेवट साडेदहावर जातो. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, आणि शेवटची लढाई मुक्याने बघण्यासारखी नसते. पौर्णिमेच्या आसपासचे दिवसही टाळा. चांदण्यानेसुद्धा काळा राखाडी होतो. रस्त्यावरच्या दिव्याने तर जास्तच, म्हणून पडद्याची पाठ दिव्याकडे ठेवा. पांढरी टाकी किंवा चुना दिलेला कठडा पडद्यासमोर असेल तर त्यावर गडद चादर टाका, कारण पडद्याचाच उजेड तिथून उलटून परत पडद्यावर येतो.

पडद्याला बेडशीट नको. उजेड आरपार जातो आणि चुण्यांमुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. मेन रोडला पडद्याचं कापड विकणाऱ्यांकडे पांढरं ब्लॅकआउट (उजेड आरपार न जाऊ देणारं) कापड मागा, आठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच चौकटीवर चारही बाजूंनी ताणून बसवा. चौकट पीव्हीसी पाइपची चालते, पण पायाला वाळूच्या पिशव्या हव्यातच. गच्चीवरचा वारा एवढं कापड शिडासारखं ओढतो.

हा पडदा 36 चौरस फुटांचा. डिजिटल थिएटरचा दंडक साध्या पांढऱ्या पडद्याला दर चौरस फुटामागे 14 लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) आहे, म्हणजे इथे 504 लुमेन लागतात. प्रोजेक्टरच्या सिनेमा मोडमध्ये उजेड तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त घटतो, तेव्हा 800 ते 1000 अ‍ॅन्सी लुमेनचा, म्हणजे ठरलेल्या मानकाने उजेड मोजलेला, प्रोजेक्टर घ्या. खोक्यावर नुसतं ‘9000 लुमेन’ छापलेलं असेल आणि अ‍ॅन्सी हा शब्द कुठेच नसेल, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब ठेवायचा ते काढायला त्याच्या थ्रो रेशोला (अंतर आणि चित्राची रुंदी यांचं गुणोत्तर) पडद्याच्या रुंदीने गुणा: रेशो 1.5 असेल तर 12 फूट. पहिली रांग पडद्यापासून 11 फुटांवर आणि शेवटची 15 फुटांच्या आत ठेवली की यानाचा आकार डोळ्यात मावत नाही, आणि मजा त्यातच आहे.

प्रोजेक्टर वाकडा ठेवून कीस्टोनने (तिरकं चित्र चौकोनी करणाऱ्या सेटिंगने) चित्र सरळ करण्याचा मोह आवरा. त्यात पिक्सेल वाया जातात, शिवाय वाया गेलेल्या भागाची राखाडी पट्टी पडद्याबाहेर उमटते. टेबल सरकवा, पायाखाली पुठ्ठा घाला, पण लेन्स पडद्याच्या काटकोनात आणा.

स्कोप, म्हणजे जास्त रुंद चौकटीच्या, सिनेमाचं चित्र या पडद्यावर जेमतेम तीन फूट चार इंच उंच येतं. वर-खाली सात-सात इंच रिकामे राहतात. तिथे काळ्या मखमलीच्या किंवा जाड सुती कापडाच्या पट्ट्या चिमट्यांनी लावा. चित्रातला काळा लगेच गडद वाटू लागतो, आणि सगळ्या तयारीत एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसरं काहीच पाडत नाही. मात्र सबटायटल खालच्या पट्टीत येत असतील किंवा सिनेमा मोठ्या प्रसंगांत चित्र उंच करत असेल, तर पट्ट्या लावू नका. हे आधी दहा मिनिटं चालवून बघा. त्याच वेळी मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरणारं सेटिंग) बंद करा. सेकंदाला 24 फ्रेमचा सिनेमा त्याने मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

आवाजाला ब्लूटूथ नको, वायर लावा. ब्लूटूथने आवाज मागे पडतो आणि ओठ जुळत नाहीत. स्फोट कानठळ्या बसवतात पण संवाद ऐकूच येत नाहीत, ही तक्रार बहुतेकदा प्लेअर 5.1 वर (सहा स्पीकरच्या सेटिंगवर) राहिल्याने येते: संवाद मधल्या चॅनेलवर असतात आणि तो स्पीकर आपल्याकडे नसतो. सेटिंगमध्ये ‘स्टीरिओ’ निवडा, आणि दोन्ही स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना ठेवा.

थंडीत दव पडतं. प्रोजेक्टरच्या डोक्यावर छत्री बांधा, पण गरम हवा बाहेर पडायची जाळी मोकळी ठेवा. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर छोटा यूपीएस जोडा, कारण लाईट गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो.

सिनेमा पहिल्यांदा सलग बघा. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा पाणी आणि आग बघा. चित्रीकरणासाठी यानाचं मॉडेल कितीही छोटं करता येतं, पण थेंब आणि ज्वाळा छोट्या होत नाहीत. म्हणून 1:16 च्या, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाएवढ्या, मॉडेलचं दृश्य चौपट वेगाने, सेकंदाला 96 फ्रेमवर टिपतात, म्हणजे पडद्यावर लाट जड वाटते. पाण्याचे थेंब लिंबाएवढे दिसले की मॉडेल ओळखावं. या कारागिरीचं नाशिकशी नातं जुनं आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ट्रिक दृश्यांचे सिनेमे इथल्याच स्टुडिओत केले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे.

श्रेयनामावली संपेपर्यंत गच्चीवरचा दिवा लावू नका. मॉडेल घडवणाऱ्यांची नावं तिथेच असतात, बहुतेकदा अगदी शेवटी.