नोकरीच्या धावपळीत मनाने गोळ्या घेणे कसे टाळावे

तालुक्याच्या गावाहून रोज अप-डाउन करणारे शिक्षक, ग्रामसेवक किंवा बँकेतले कर्मचारी आजारी पडले की थेट मेडिकल गाठतात, कारण आरोग्य केंद्राची ओपीडी आणि त्यांची ड्यूटी एकाच वेळी असते, रजा मागावी तर मार्चएंड नाहीतर निवडणुकीचे काम आडवे येते, आणि मेडिकल मात्र परतीच्या एसटीतून उतरल्यावरही उघडे सापडते. त्यामुळे ही सवय मोडायची असेल तर आधी वेळेची सोय लावावी. आपल्या केंद्राची संध्याकाळची ओपीडी केव्हा असते ते धडधाकट असतानाच विचारून ठेवावे, आणि मोबाइलवर ई-संजीवनी हे सरकारी अ‍ॅप घेऊन ठेवावे; जेवणाच्या सुट्टीत, रेंज मिळेल तिथून, डॉक्टरांशी मोफत बोलता येते आणि चिठ्ठीही मोबाइलवरच मिळते.

गोळी घ्यावीच लागली तर पाकिटावरचे मोठे नाव सोडून त्याखालचा बारीक मजकूर वाचावा. तापाची, सर्दीची आणि अंगदुखीची अशा तीन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल हा एकच घटक असू शकतो. धडधाकट प्रौढ माणसासाठी त्याची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम आहे. ती ओलांडली तर यकृताला इजा होऊ शकते, आणि दारू पिणाऱ्याला त्याहून कमी मात्राही बाधू शकते. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये. काउंटरवर चिठ्ठी क्वचितच मागितली जाते, हे खरे. पण म्हणून औषध निरुपद्रवी ठरत नाही.

सर्वांत जास्त सावधगिरी पावसाळ्यातल्या तापाच्या वेळी हवी. विदर्भात 2018 साली स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले होते. गवत-झुडपांतल्या बारीक कीटकाच्या अळीच्या चाव्यातून होणाऱ्या या आजारात काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसू शकते, आणि ती दुखत नसल्याने लक्षातही येत नाही. बॅगेत उरलेल्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचा यावर काहीही उपयोग होत नाही. योग्य औषध सुरू व्हायला मात्र उशीर होतो. तोच ताप डेंग्यूचा निघाला तर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून तपासणी होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्यावे, अंग नीट पाहावे, आणि दोन दिवसांत उतार नसेल तर अर्ज टाकून दवाखाना गाठावा.

उन्हाळ्यात घामाने शरीर कोरडे पडलेले असताना डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला बाधू शकतात, तर सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, हे दुचाकीवरून परतणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

डॉक्टरांकडे जाताना रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. रागावतील म्हणून आधी घेतलेल्या गोळ्या लपवल्या, तर निदान चुकू शकते. दम लागणे, छातीत दुखणे, रक्त पडणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर मात्र ओपीडीची वाट न पाहता 108 ला फोन करावा.