हीट ट्रान्सफर शिकताय? आधी अडतंय कुठं ते बघा

दर वर्षी गणपतीत बडोद्याच्या दांडिया बाजारात आरतीला उभी राहिले की कुणाची तरी आई बाजूला घेते आणि म्हणते, "अगं तू त्या हीट एक्स्चेंजरच्या कामात आहेस ना, आमच्या ह्याला जरा समजावून सांग, त्याचा तो हीट ट्रान्सफरचा विषय राहतोय." मग तो 'हा' मागे मान खाली घालून उभा असतो, हातात प्रसादाचा द्रोण. दहा मिनिटांत काय सांगणार, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी मेकॅनिकलची, शिकले बडोद्यातच, चौदा वर्षं मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) थर्मल डिझाइन करतेय, म्हणजे हीट एक्स्चेंजर (एका पदार्थाची उष्णता मधल्या भिंतीतून दुसऱ्याला देणारं यंत्र), कूलर, हीटर, स्टीम लाइनचं इन्सुलेशन असलं सगळं. इथे ह्या कामाला तोटा नाही, कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे आणि तिच्या आजूबाजूला केमिकलचे एवढे कारखाने झालेत की एक्स्चेंजर बनवणारा, दुरुस्त करणारा, साफ करणारा प्रत्येकाला काम मिळतं.

पोरांचं होतं असं की दोन फॉर्म्युले पाठ असतात आणि आकडे कुठले टाकायचे ते कळत नाही. कंडक्शन म्हणजे भिंतीसारख्या घन वस्तूतून उष्णता जाणं, त्याला फुरियेचा नियम, १८२२ चा: क्यू (सेकंदाला जाणारी उष्णता) म्हणजे के गुणिले क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक भागिले जाडी. कन्व्हेक्शन म्हणजे वाहत्या हवेने किंवा पाण्याने उष्णता नेणं, त्याला न्यूटनचा, त्याहून जुना, १७०१ चा: क्यू म्हणजे एच गुणिले क्षेत्रफळ गुणिले फरक. दिसायला सारखेच. पण के हा मटेरियलचा गुण आहे, टेबल उघडलं की मिळतो, तांबं ४०० च्या आसपास, माइल्ड स्टील ५०, स्टेनलेस ३०४ फक्त १६, वीट ०.७, ग्लासवूल ०.०४, सगळे वॉट प्रति मीटर केल्विन. एच तसा कुठल्याच टेबलात नसतो. तो पाण्याचाही नाही आणि पाइपचाही नाही, पाणी किती जोरात जातंय, पाइप केवढा, वारं आहे का नाही ह्यावर तो ठरतो. नुसत्या शांत हवेत ५ ते २५ वॉट प्रति चौरस मीटर केल्विन, पंखा लावला की शंभरच्या पुढेही जातो, पाइपातून पळणाऱ्या पाण्याला काही हजार, आणि पाणी उकळायला लागलं की त्याच्याही वर. सरांनी परीक्षेत एच देऊन टाकलेला असतो म्हणून पोरांना वाटतं तो असाच मिळतो, नोकरीत कोणी देत नाही.

मला स्वतःला हा विषय रेझिस्टन्सवरून कळला. विजेच्या सर्किटसारखं धरायचं, तापमानातला फरक म्हणजे व्होल्टेज, उष्णता म्हणजे करंट, आणि मधे जे जे येईल तो एकेक रेझिस्टन्स. सपाट भिंतीला जाडी भागिले के आणि क्षेत्रफळ, गोल पाइपला बाहेरची त्रिज्या भागिले आतली ह्याचा लॉग, भागिले दोन पाय के लांबी, आणि जिथे हवा किंवा पाणी टेकतं तिथे एक भागिले एच आणि क्षेत्रफळ. एकामागे एक असतील तर बेरीज. झालं.

घरचंच उदाहरण घ्या. आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घराची भिंत दीड फुटाची, ४५० मिमी धरू. आता मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहतो तिथे बाहेरची भिंत साडेचार इंची, ११५ मिमी. आई मे महिन्यात रोज म्हणते की वाड्यात कसं गार होतं. जाडी जवळजवळ चौपट, म्हणजे उष्णता चौथा हिस्सा येत असेल? एक चौरस मीटर भिंत धरू, बाहेर ४२, आत ३०. वीट ०.७ ने धरली तर जुन्या भिंतीचा रेझिस्टन्स ०.६४, नव्या भिंतीचा ०.१६. पण आतल्या हवेचा एच ८ धरला तर १/८ म्हणजे ०.१२५, बाहेर वारा असतो म्हणून २० धरला तर ०.०५, हे दोन्ही घरांना सारखेच लागतात. बेरीज केली की जुनं ०.८२, नवं ०.३४. म्हणजे वाड्यात दर चौरस मीटरला १५ वॉट, फ्लॅटमध्ये ३५. चौपट नाही, अडीचपटही नाही, कारण पातळ भिंतीत निम्मा अडथळा तर भिंतीला चिकटलेल्या हवेनेच केलाय! (वाडा दुपारी गार लागतो त्याचं खरं कारण आणखी वेगळं आहे, जाड भिंत दिवसभर तापायलाच वेळ घेते, पण ते अनस्टेडी स्टेट, म्हणजे वेळेबरोबर तापमान बदलतं ते, पुढच्या चॅप्टरला.)

आता माझी फजिती. नोकरीला लागून आठ महिने झाले होते. एक एअर कूल्ड कूलर होता, ट्यूबमधून गरम पाणी, बाहेरून पंख्याची हवा, ट्यूब स्टेनलेसच्या आणि प्लेन, आणि गिऱ्हाईकाची तक्रार की पाणी पाहिजे तेवढं थंड होत नाही. मी टेबल बघितलं, स्टेनलेस १६, तांबं ४००, पंचवीसपट! धावत जाऊन साहेबांना सांगितलं की ट्यूब तांब्याच्या करू. साहेब गुजराती, शांत माणूस, चष्मा कपाळावर. म्हणाले, "बेन, केटला टका फेर पडशे?" किती टक्के, ते मी काढलंच नव्हतं. त्यांनी चहाच्या बिलाच्या मागे तिथल्या तिथे मांडलं. आधी पाणी: २० मिमीची ट्यूब, वेग १ मीटर प्रति सेकंद, पाणी ४० अंशाच्या आसपास. रेनॉल्ड्स नंबर (वाहणं शांत की खळबळीचं ते सांगणारा आकडा) तीस हजार येतो, म्हणजे चांगलं टर्ब्युलंट, खळबळीचं, आणि प्रँटल नंबर, जो पाण्याचाच गुण, ४.३. मग डिटस-बोल्टरचा फॉर्म्युला लावायचा, नसेल्ट नंबर (ज्यावरून एच निघतो) म्हणजे ०.०२३ गुणिले रेनॉल्ड्सचा ०.८ घात गुणिले प्रँटलचा घात, पाणी तापत असेल तर ०.४ आणि गार होत असेल तर ०.३. साहेब पटकन ०.४ नेच करून मोकळे झाले, नसेल्ट आला १५९, त्याला पाण्याच्या ०.६३ ने गुणून ०.०२ ने भागलं की एच ५०००. (०.३ घेतला असता तर चार हजार तीनशे, बघालच की इथे त्याने काडीचा फरक पडत नाही.) हवेच्या बाजूला एच ४० धरला.

आता रेझिस्टन्स लिहा, प्रत्येक चौरस मीटरला. पाणी: १/५००० म्हणजे ०.०००२. ट्यूबची भिंत १ मिमी, स्टेनलेस: ०.००००६. हवा: १/४० म्हणजे ०.०२५. बेरीज ०.०२५२६, उलटं केलं की यू, म्हणजे सगळे थर मिळून एकच एच धरला तर तो, ३९.६. तांबं लावलं की भिंत जवळजवळ शून्य, यू ३९.७. पाव टक्का!! तांब्याचा तो सगळा खर्च करून पाव टक्का. मग मी म्हटलं पंप मोठा करू, पाण्याचा वेग दुप्पट करू, वेग दुप्पट केला की एच १.७४ पट होतो, २ चा ०.८ घात. ते पण मांडलं, तर यू ३९.७ च, आणि पंपावर प्रेशर ड्रॉप तिपटीच्या वर. साहेबांनी ०.०२५ ह्या आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि बिल माझ्याकडे सरकवलं. काही बोलले नाहीत, चहा प्यायला निघून गेले.

हवा अडवतेय तर हवेच्या बाजूलाच काहीतरी करायला पाहिजे, म्हणजे फिन, ट्यूबवर बाहेरून लावलेल्या पातळ पात्या. बाहेरचं क्षेत्रफळ फिननी पंधरापट केलं आणि फिनची एफिशियन्सी ८० टक्के धरली, कारण फिनच्या टोकापर्यंत पूर्ण तापमान पोचत नाही, तर हवेचा रेझिस्टन्स बारा पटीने खाली येतो, ०.००२१. आता यू ४२६, म्हणजे दहापट. स्कूटरच्या इंजिनाला, गाडीच्या रेडिएटरला, एसीच्या कॉइलला पात्या हवेच्या बाजूलाच का असतात ते मला त्या दिवशी समजलं, कॉलेजात फिनचा अख्खा चॅप्टर सोडवून नव्हतं समजलं. आणि गंमत म्हणजे फिन लावल्यावर तांब्याचा फायदा पाव टक्क्यावरून अडीच टक्क्यावर जातो, कारण मोठा दगड हलला की बारके दिसायला लागतात. त्या बारक्यांतलाच एक म्हणजे क्षार. बोअरचं पाणी असेल तर ट्यूबच्या आत अर्धा मिमी पांढरा थर सहज बसतो, त्याचा के २ धरा, रेझिस्टन्स ०.०००२५, पाण्याच्या फिल्मपेक्षा जास्त. म्हणून फाउलिंग फॅक्टर, म्हणजे अशा थराचा रेझिस्टन्स, आधीपासून धरायचा, विसरलात तर पहिल्या उन्हाळ्यातच फोन येतो.

स्टीम लाइनचं उलटं असतं. चार इंची पाइप, बाहेरचा व्यास ११४ मिमी, पृष्ठभाग १५० अंश, हवा ३५. एच १० धरला तर उघडा पाइप मीटरला ४१३ वॉट घालवतो. ५० मिमी मिनरल वूल लावलं, के ०.०५, तर वूलचा रेझिस्टन्स २.०, बाहेरच्या हवेचा ०.१५, आणि उष्णता ५४ वॉट. आता एच १० च्या ऐवजी २० धरला तरी ५५. म्हणजे इन्सुलेशन असलं की एच अचूक काढत बसायची गरज नाही, आणि पाइप उघडा असला की एच वरच सगळं. हा फरक ज्याला कळला त्याचा अर्धा वेळ वाचला समजा. उघड्या गरम पाइपला आणखी एक फसगत असते: नुसतं नॅचरल कन्व्हेक्शन काढलं तर एच सात-साडेसातच येतो, पण काळ्या गंजक्या पाइपचं रेडिएशन (किरणांनी जाणारी उष्णता) तेवढंच किंबहुना जास्त, नऊच्या आसपास, दोन्ही मिळून सोळा-सतरा. म्हणजे मी वर धरलेला १० पण कमीच आहे. पोरं रेडिएशन वेगळा चॅप्टर म्हणून विसरतात. आणि तिथे तापमान केल्विनमध्येच घ्यायचं, कंडक्शन-कन्व्हेक्शनला फरकच लागतो म्हणून सेल्सियस चालतं, पण रेडिएशनच्या फॉर्म्युल्यात तापमानाचा चौथा घात असतो, तिथे नाही चालत.

बाकी चुका भरभर सांगते. कॅल्क्युलेटरवर एलएनच्या (नॅचरल लॉगच्या) जागी लॉग दाबलं की पाइपचं उत्तर २.३ पट चुकतं, दर पेपरात कोणीतरी करतंच. डिटस-बोल्टर रेनॉल्ड्स दहा हजाराच्या वर असेल तरच, तेल जाड असलं आणि वाहणं लॅमिनार, म्हणजे शांत, असलं तर नसेल्ट नुसता ३.६६ (भिंतीचं तापमान कायम असेल आणि पाइप पुरेसा लांब असेल तर), तिथे ०.८ घात लावून मोठमोठे एच काढणारे मी इंटरव्ह्यूला बघितलेत. गुणधर्म कुठल्या तापमानाला वाचायचे तेही बघा, पाइपातल्या वाहण्याला पाण्याचं सरासरी, बाहेरच्या हवेला भिंत आणि हवा ह्यांच्या मधलं. भिंतीचं तापमान आधी माहीत नसतं, मग धरायचं, एच काढायचा, भिंतीचं परत काढायचं, दोन-तीन फेऱ्यांत जुळतं, त्याला घाबरू नका.

एक चूक मात्र मला महागात पडली. आपल्याकडच्या जुन्या डेटाशीटवर यू किलोकॅलरीत असतो, किलोकॅलरी प्रति तास प्रति चौरस मीटर प्रति अंश. मी ४०० बघितला आणि वॉट समजून टाकला. एक किलोकॅलरी प्रति तास म्हणजे १.१६३ वॉट, खरा यू ४६५ होता. कूलर सोळा टक्के मोठा निघाला, भाव वर गेला आणि ऑर्डर दुसऱ्याने नेली. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं, त्यांनी फक्त डेटाशीटवरच्या युनिटखाली रेघ मारून ती माझ्या टेबलावर ठेवली, चार दिवस ती तिथेच होती.

नोकरीचं म्हणाल तर सुरुवातीला सॉफ्टवेअर येत नाही म्हणून रडू नका, ते तीन महिन्यांत शिकवतात. मी नवीन मुलांना एकच विचारते: स्टीलच्या पातेल्याला खाली तांबं लावतात, तर चहा लवकर उकळतो का? बहुतेक जण लगेच हो म्हणतात, तांब्याचा के सांगतात, पाठ असतो. मागच्या महिन्यात रावपुऱ्याची एक डिप्लोमाची मुलगी आली होती, ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, "मॅडम, ज्योतीकडून तळाला उष्णता पोचते त्याचा एच किती धरू?" मी म्हटलं पन्नास धर. तिने कागद मागितला.