व्हेंटिलेटरवरच्या बाळाला घरी नेब देताना

आयसीयूतली चार वर्षांची नोकरी सोडून मी होम केअरमध्ये आले, तेव्हा नेब देणे, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून ते श्वासावाटे देणे, हे मला येत असलेल्या कामांपैकी सर्वांत सोपे काम वाटत असे. पुण्यातली माझी पहिली केस साडेतीन वर्षांच्या मुलीची होती. तिला एसएमए टाइप वन (स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार) होता, गळ्यात ट्रेकी (श्वासनळीत बसवलेली श्वासाची ट्यूब) होती आणि ती चोवीस तास व्हेंटिलेटरवर असे. तिच्याकडे काम करताना मला उमगले की मास्कवर नेब देणे आणि सर्किटमध्ये, म्हणजे व्हेंटिलेटर ट्रेकीला जोडणाऱ्या नळ्यांमध्ये, नेब देणे ही दोन वेगळी कामे आहेत. मास्क नकोसा झाला तर मूल तो बाजूला सारते. इथे मात्र आपण बाळाच्या श्वासाच्या वाटेतच एक नवी वस्तू बसवतो आणि ती जोडल्या क्षणापासून त्याचा श्वास बदलतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या भगिनींसाठी म्हणूनच हे लिहीत आहे.

सर्वाधिक काळजी घ्यायची ती एचएमईची, म्हणजे श्वासातली ऊब आणि ओलावा धरून ठेवणाऱ्या त्या छोट्या फिल्टरची. त्या घरात त्याला सगळे 'नाक' म्हणत. नेब सुरू करण्यापूर्वी हे नाक काढावेच लागते, कारण ते औषधाचे तुषार वाटेतच अडवते आणि भिजून जड झाले की हवेलाही अडथळा करते. एका सकाळी माझ्याकडून ते काढायचे राहिले. पाचेक मिनिटांत हाय प्रेशरचा अलार्म वाजू लागला आणि सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९८ वरून ९१ वर आले. मी ट्यूब अडकली असेल असे समजून सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढायची नळी) उघडत होते, तेवढ्यात तिची आई म्हणाली, "सिस्टर, नाक काढायचं राहिलंय." मी ते काढले, तेव्हा आतला कागद चिंब भिजून फुगला होता. सर्किट थेट ट्रेकीला जोडल्यावर सॅच्युरेशन हळूहळू पूर्ववत झाले. त्याच दिवशी मी हे डॉक्टरांना आणि मला कामावर पाठवणाऱ्या ब्युरोला कळवले. नेब संपल्यावर नवे किंवा कोरडे नाक परत बसवणेही तितकेच आवश्यक आहे; ते विसरले तर स्राव सुकून घट्ट होतात आणि ट्यूब बंद पडण्याचा धोका वाढतो. नाकाऐवजी हीटेड ह्युमिडिफायर (हवा उबदार आणि ओलसर करणारे यंत्र) असेल तर तो नेबच्या वेळी चालू ठेवायचा की नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि स्वतःच्या मनाने बंद करू नये.

दुसरा मुद्दा हवेच्या प्रवाहाचा आहे. कॉम्प्रेसर किंवा ऑक्सिजनवर चालणारा जेट नेब्युलायझर मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा सर्किटमध्ये भरतो. मोठ्या माणसाला ते फारसे जाणवत नाही, पण लहान फुप्फुसांसाठी ही भर मोठी असते. छाती नेहमीपेक्षा जास्त फुगू शकते, आणि बाळाने स्वतःहून श्वास घेण्याचा केलेला क्षीण प्रयत्न या वाढीव प्रवाहामुळे व्हेंटिलेटरला कळेनासा होतो. व्हायब्रेटिंग मेश प्रकारचा नेब्युलायझर अशी जादा हवा सोडत नाही, म्हणून परवडत असेल तर अशा बाळासाठी तो अधिक योग्य ठरतो. जेट असेल तर नेब चालू असेपर्यंत खोलीतून हलू नये आणि आकड्यांइतकेच छातीकडेही पाहावे. सेटिंग मात्र आपण बदलू नये. टी-पीस (नेब्युलायझर जोडायचा टी आकाराचा तुकडा) सर्किटमध्ये नेमका कुठे बसतो, हे प्रत्येक सर्किटनुसार वेगळे असते. डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयाने जोडून दाखवलेल्या सर्किटचा फोटो काढून आम्ही तो पलंगाशेजारच्या भिंतीवर लावला होता. जेटचा औषध भरायचा कप सरळ उभा राहिला पाहिजे. तो कलला तर औषध नळीतून बाळाच्या दिशेने वाहू शकते.

औषध भरताना मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत कधीही होऊ देऊ नये. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या रेस्प्यूलमध्ये (एका वेळच्या औषधाच्या प्लास्टिकच्या कुपीत) २.५ मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम औषध असते, पण बाटलीतल्या द्रावणात १ मिलिलिटरमध्येच ५ मिलिग्रॅम असते. त्या बाटलीतून रेस्प्यूलच्या सवयीने २.५ मिलिलिटर काढले, तर पाचपट डोस जातो. बुडेसोनाइड या स्टेरॉइडची रेस्प्यूल हलक्या हाताने हलवून मगच उघडावी, कारण त्यातले औषध तळाशी बसते. आमच्याकडे डॉक्टरांनी ठरवून दिलेला क्रम असा होता: आधी सक्शन, मग श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध, त्यानंतर ३ टक्के सलाइन, मग छातीची फिजिओथेरपी व कफ असिस्ट (खोकल्यासारखा झोत देऊन कफ वर आणणारे यंत्र), पुन्हा सक्शन आणि सर्वांत शेवटी बुडेसोनाइड. कफ निघून गेल्यावर दिलेले स्टेरॉइड आतपर्यंत पोहोचते, हे त्यामागचे कारण. हे सर्व फीडच्या आधी उरकावे.

त्या मुलीला हातपाय हलवता येत नव्हते, पण तिच्या भुवया बोलत. साल्ब्युटामॉलनंतर तिचे ठोके वाढत आणि ते तिला आवडत नसे. मॉनिटरवर आकडा चढण्याच्या आधीच तिच्या कपाळावर बारीक आठी उमटे. ती आठी दिसली की मी तिच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजत असे.

अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), त्याच मापाची एक आणि अर्ध्या मापाने लहान अशी दुसरी ट्रेकी, आणि चालू स्थितीतले सक्शन मशीन हाताशी असल्याशिवाय कप उघडू नये. छाती हलत नसेल, तर अलार्मचे कारण शोधत न बसता अंबूने श्वास द्यावा, ट्यूब जागेवर आणि मोकळी आहे का ते पाहावे आणि घरच्यांना १०८ लावायला सांगावे. वीज गेली की व्हेंटिलेटर बॅटरीवर चालतो, कॉम्प्रेसर मात्र बंद पडतो. अशा वेळी अर्धा भरलेला कप सर्किटमध्ये तसाच राहू देऊ नये. तो काढून सर्किट पुन्हा पूर्वीसारखे जोडून घ्यावे आणि किती औषध उरले ते वहीत लिहावे.

कप आणि टी-पीस साबणाच्या पाण्याने धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळून स्वच्छ कापडावर हवेत वाळवावेत. नळी आतून धुऊ नये. आमच्या वहीत वेळ, औषध, नेबच्या आधीचे आणि नंतरचे ठोके व सॅच्युरेशन, आणि स्रावाचा रंग असे रकाने होते. त्या सकाळनंतर तिच्या आईने पट्टीने रेघ मारून आणखी एक रकाना आखला, 'नाक लावले', आणि त्याखाली दर वेळी आम्ही दोघींनी सही करायची असे ठरवले.