बाळाच्या ब्लँकेटसाठी धागा निवडताना

बाळासाठी ब्लँकेट विणायचे ठरले की आपण प्रथम रंग पाहतो, मग धाग्याचा गुंडा गालाला लावून मऊपणा तपासतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच खरेदी करून मोकळे होतो. माझ्या मते या दोन्हींच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे हे ब्लँकेट धुणार कोण आणि कसे. दूध, लाळ आणि शू यांपासून बाळाचे कोणतेही कापड सुटत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या घरात एकेक वस्तू वेगळी काढून, हलक्या हाताने धुऊन सावलीत आडवी पसरण्याइतकी सवड क्वचितच असते. जे धुण्याची धास्ती वाटते ते ब्लँकेट कपाटात ठेवले जाते. म्हणून भेट द्यायची असेल, तर त्या घरी कपडे कसे धुतले जातात हे आधी निःसंकोच विचारून घ्यावे.

ब्लँकेट इतर कपड्यांबरोबर मशीनमध्येच जाणार असेल, तर साधी लोकर घेऊ नये. लोकरीच्या तंतूवर अतिशय सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि विणलेले कापड आटून नमद्यासारखे घट्ट होते. एकदा आटलेले कापड पुन्हा पूर्ववत होत नाही. यावरचा उपाय म्हणजे सुपरवॉश लोकर. तिच्यावरील खवले क्लोरिनच्या प्रक्रियेने झिजवलेले किंवा रेझिनच्या पातळ थराने झाकलेले असतात, त्यामुळे लेबलवरील सूचना पाळल्यास ती मशीनमध्ये धुता येते. मात्र खवल्यांची पकड गेल्यामुळे ती ओली झाली की सैल पडते आणि धुतल्यावर ब्लँकेट लांबी-रुंदीला वाढू शकते, हे आधीच लक्षात घेऊन विणावे.

एवढी खबरदारी घेऊनही लोकरच का निवडावी, तर तिचे गुण इतर धाग्यांत एकत्र सापडत नाहीत. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ती ओलसर लागत नाही, टाक्यांना लवचीकपणा देते आणि सहजासहजी पेटत नाही. ती टोचते अशी तक्रार ऐकू येते, पण ते तंतूच्या जाडीवर अवलंबून असते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोके त्वचेला टोचतात, तर मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचे तंतू बहुधा २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. बाळासाठी लोकर घ्यायची तर मेरिनोच घ्यावी, आणि मऊपणा हाताच्या बोटांनी न तपासता मानेच्या मागे किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला धागा थोडा वेळ धरून तपासावा, कारण रोज काम करणाऱ्या बोटांना बारीक टोचणी जाणवत नाही.

सुती धागा उबदार हवेत आणि जमिनीवर अंथरण्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. सूत ओले झाल्यावर अधिक मजबूत होते, त्यामुळे ते वारंवार धुणे सहन करते. त्याचे दोष दोन आहेत: ते जड असते आणि त्याला लवचीकपणा नसतो, त्यामुळे मोठे ब्लँकेट स्वतःच्याच वजनाने लोंबते, आणि विणणाऱ्याची बोटेही लवकर दुखू लागतात. अ‍ॅक्रेलिक स्वस्त, हलके आणि धुण्यास सर्वांत सोपे असते. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. फक्त ते घाम शोषत नाही, त्यावर लवकर गोळे येतात आणि गरम इस्त्री लागली तर कापड कायमचे मलूल पडते. बांबूचा म्हणून विकला जाणारा धागा बहुतेक वेळा व्हिस्कोजच, म्हणजे वनस्पतीच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने बनवलेला धागा, असतो. त्याची झळाळी आणि थंड स्पर्श मोहक असतो, पण व्हिस्कोज ओले असताना बरेच कमकुवत होते. त्यामुळे तो एकटा वापरण्यापेक्षा सुताबरोबर मिश्रणात असलेला बरा. मोहेर, अंगोरा किंवा फार लव असलेला कोणताही धागा मात्र टाळावा, कारण त्याची सुटी लव बाळाच्या तोंडात आणि नाकात जाते.

धाग्याची बांधणीही पाहावी. एकपदरी, सैल पिळाचा धागा गुंड्यात असताना फार मऊ लागतो, परंतु थोड्याच वापरात त्यावर गोळे येतात. तीन-चार पदरांचा, व्यवस्थित पीळ दिलेला गोल धागा पुष्कळ अधिक टिकतो. जाडीच्या बाबतीत डीके, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके देणारा धागा, मला बहुतेक ब्लँकेटांसाठी पुरेसा वाटतो. फार जाड धाग्याने काम लवकर उरकते, पण ब्लँकेट वजनदार होते. मोठ्या जाळीची वीणही टाळावी, कारण बाळाची बोटे तीत अडकतात.

इथे सुरक्षिततेची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सल्ल्यानुसार पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ सुटे पांघरूण ठेवू नये. हाताने विणलेले ब्लँकेटही त्याला अपवाद नाही; ते मांडीवर, बाबागाडीत मोठ्यांच्या नजरेसमोर किंवा जमिनीवर खेळताना वापरावे. म्हणजेच त्यात जड ऊब भरण्याची गरज नाही, आणि हे धागा निवडताना सोयीचेच आहे. लेबलवर ओईको-टेक्स स्टँडर्ड १०० असे, म्हणजे घातक रसायनांसाठी कापड तपासल्याचे, प्रमाणपत्र असल्यास त्यातील उत्पादन वर्ग १ पाहावा. तो ३ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी असून त्याचे निकष सर्वांत कडक असतात.

रंग आवडीचा निवडावा, पण गडद छटा असेल तर धाग्याचा तुकडा पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून रंग उतरतो का ते पाहावे. बाळ ब्लँकेटचे टोक चोखणारच आहे.

सगळे गुंडे घेण्यापूर्वी एकच आणून नमुन्याचा चौकोन विणावा, ही पायरी मी कोणालाही टाळू देणार नाही. चौकोन किमान १५ सेंटिमीटरचा असावा, म्हणजे मधले १० सेंटिमीटर नीट मोजता येतात. तो ब्लँकेट जसे धुतले जाणार आहे अगदी तसाच, शक्य असल्यास दोन-तीनदा धुवावा, वाळवावा, आणि मग धुण्यापूर्वीच्या मापांशी ताडून पाहावा. त्यानंतर त्याच्यावर तळहात जोरात घासून लव किंवा गोळे येतात का तेही पाहावे.

हा नमुना पसंत पडला की एकूण किती धागा लागेल याचा हिशेब वजनात न करता लांबीत करावा, कारण १०० ग्रॅम सुती धागा त्याच जाडीच्या अ‍ॅक्रेलिकपेक्षा लांबीला कमी भरतो. सुमारे ७५ बाय ९० सेंटिमीटरच्या ब्लँकेटला डीके धागा साध्या विणीत साधारण ८०० मीटर लागतो. क्रोशाने किंवा उठावदार विणीत त्याहून बराच अधिक लागतो. सर्व गुंड्यांवर डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेचा, क्रमांक एकच आहे याची खात्री करून एक गुंडा जास्तीचा घ्यावा, कारण काठ विणताना धागा संपला, तर पुढच्या खेपेतील तोच रंग तंतोतंत जुळेल याची शाश्वती नसते.