कबूल एक, पदरी दुसरेच: हॉटेलमधील निराशाजनक मुक्कामाची दाद कशी मागावी

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत आजी-आजोबांसह सगळ्या कुटुंबाने चार दिवस कुठेतरी जावे, यासाठी अनेक घरांत वर्षभर पैसे बाजूला काढले जातात. सगळ्यांच्या रजा जुळवल्या जातात आणि मुलांना आधीच समुद्राची स्वप्ने पडू लागतात. मग दिवसभराचा प्रवास करून हॉटेलात पोहोचावे, तर खोलीला ओल आलेली असते, समुद्राऐवजी वाहनतळ दिसत असतो आणि पाच जणांसाठी कबूल केलेल्या खोलीत तिघांचीच सोय असते. अशा वेळी बहुतेक कुटुंबे ‘दोनच रात्रींचा तर प्रश्न आहे’ असे म्हणून गप्प बसतात, नाहीतर घरी परतल्यावर इंटरनेटवर संतापून अभिप्राय लिहितात. या दोन्हींतून भरपाई सहसा मिळत नाही. भरपाई मिळण्याची खरी शक्यता असते ती मुक्काम चालू असतानाच केलेल्या लेखी तक्रारीत, कारण पुढे कुठेही दाद मागायला गेलात तरी ‘तुम्ही त्याच वेळी सांगितले होते का?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो.

तक्रारीचा पाया मात्र आरक्षणाच्या वेळीच घातला जातो. आरक्षणाच्या संकेतस्थळावरील खोलीचे वर्णन, छायाचित्रे, सोयींची यादी आणि रद्द करण्याच्या अटी यांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावेत. ही पाने नंतर बदलू शकतात. अलिबाग, गुहागर, तारकर्ली अशा ठिकाणी पुष्कळ आरक्षणे मालकाशी फोनवर बोलून आणि यूपीआयने आगाऊ रक्कम पाठवून होतात. तिथे फोन ठेवल्याबरोबर जे ठरले ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे: कोणत्या तारखा, किती माणसे, मुलांची वये, जादा गादीचा दर, गरम पाण्याची वेळ, नाश्ता धरला आहे की नाही आणि गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी खोली तळमजल्यावर आहे की नाही. समोरून ‘ओके’ एवढे उत्तर आले तरी तो कराराचा पुरावा ठरू शकतो. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर दिसणारे तारे हे सरकारी वर्गीकरण असतेच असे नाही, हेही लक्षात ठेवावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलांना तारांकित दर्जा देते, पण तो घेणे हॉटेलांसाठी ऐच्छिक आहे.

हॉटेलात पोहोचल्यावर पहिला अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा असतो. मुलांना थोडा वेळ बाहेर बसवून, बॅगा न उघडता मोठ्या माणसांनी खोली नीट पाहावी, कारण सामान लावून एक रात्र काढल्यानंतर केलेल्या तक्रारीला ‘तुम्ही खोली पसंत केली होती’ असे उत्तर सहज देता येते. चादरीचा कोपरा उचलून गादी पाहावी, उशीचा अभ्रा काढून आतली उशी पाहावी. पलंगाच्या मागची आणि कपाटाच्या आतली भिंत पाहावी; कोकणातल्या दमट हवेत आणि महाबळेश्वरच्या पावसाळ्यानंतर बुरशीचे काळे ठिपके आधी तिथेच दिसतात आणि नुकताच रंग दिलेल्या भिंतीवरही कोंदट वास लपत नाही. नळ सोडून गरम पाणी प्रत्यक्ष येते का, हे पाहावे. गीझर तीन लिटरचा असेल तर पाच जणांच्या आंघोळीला सकाळचे किती तास जातील, याचा अंदाज त्याच वेळी येतो. वातानुकूलन यंत्र दहा मिनिटे चालवून पाहावे. दाराची कडी, खिडकीची खिटी आणि गॅलरीच्या कठड्याची उंची यांची तपासणी लहान मुले सोबत असताना टाळूच नये.

जे वावगे दिसेल त्याचे चित्रण एका विशिष्ट पद्धतीने करावे. दारावरच्या खोली क्रमांकापासून सुरुवात करून, मध्ये न थांबता, आत जाऊन दोष दाखवणारा एक सलग व्हिडिओ घ्यावा. त्यानंतर प्रत्येक दोषाची दोन छायाचित्रे काढावीत, एक लांबून आणि एक जवळून. नुसते जवळून काढलेले बुरशीचे छायाचित्र कुठल्याही भिंतीचे असू शकते, असा बचाव करायला मग जागा राहत नाही. मूळ फाइल फोनमधून पुसू नये. प्रकरण पुढे ग्राहक आयोगापर्यंत गेले, तर डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागू शकते आणि त्या वेळी मूळ फाइल हाताशी असलेली बरी.

त्यानंतर रिसेप्शनवर जाऊन शांतपणे बोलावे. तिथे बसलेल्या मुलाच्या हातात बहुधा काहीच नसते, सुट्टीच्या हंगामात तो तासन्‌तास राबत असतो आणि त्याच्यावर आवाज चढवणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. मॅनेजर किंवा मालक यांच्याशी बोलायचे आहे असे सांगावे आणि काय हवे ते नेमके मागावे. ‘काहीतरी करा’ या मागणीवर फळांची टोपली मिळते. ‘आज संध्याकाळी सहापर्यंत आरक्षणाप्रमाणे खोली द्या’ या मागणीवर निदान हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते. पहिली मागणी नेहमी दुरुस्तीची किंवा खोली बदलण्याची असावी, पैशांची नंतर. माझ्या मते हे केवळ डावपेच म्हणून नव्हे, तर सचोटी म्हणूनही योग्य आहे, कारण चूक सुधारण्याची संधी समोरच्याला मिळायलाच हवी आणि आपल्यालाही आधी सुट्टीच वाचवायची असते.

तोंडी बोलणे झाल्यावर लगेच तेच व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लिहून पाठवावे आणि आरक्षण एखाद्या संकेतस्थळामार्फत केले असेल तर तिथल्या ग्राहक सेवेलाही त्याच वेळी कळवावे. मजकूर साधारण असा असावा:

‘आम्ही तीन रात्रींसाठी समुद्र दिसणारी, पाच जणांची वातानुकूलित खोली आरक्षित करून पूर्ण रक्कम आगाऊ भरली आहे. आज दुपारी अडीच वाजता आम्हाला दिलेली खोली मागील बाजूस वाहनतळाकडे उघडते, पलंगामागील भिंतीला ओल व बुरशी आहे आणि वातानुकूलन यंत्र चालत नाही. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. आमच्यासोबत दम्याचा त्रास असलेले मूल आहे. कृपया आज सायंकाळी सहा वाजेपर्यंत आरक्षणाप्रमाणे खोली द्यावी. ते शक्य नसल्यास आम्हाला अन्यत्र राहावे लागेल व आम्ही भरलेली रक्कम आपल्याला परत करावी लागेल.’

या मजकुरात ‘भयंकर’, ‘घाणेरडे’, ‘फसवणूक’ असा एकही शब्द नाही, याकडे लक्ष द्यावे. काय ठरले होते, काय मिळाले, केव्हा कळवले, काय हवे आणि कधीपर्यंत, एवढेच त्यात आहे. महिन्याभराने तो वाचणाऱ्या त्रयस्थ माणसाला वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

मुदतीत काहीच झाले नाही आणि खोली राहण्याजोगी नसेल, तर निघून जाण्याचा निर्णय घ्यावा, पण का निघत आहोत हे लेखी कळवूनच निघावे. जवळच्या दुसऱ्या साधारण त्याच दर्जाच्या हॉटेलची पावती जपून ठेवावी, कारण वाढीव खर्चाची मागणी त्यावरच उभी राहते. त्याहून महागड्या रिसॉर्टमध्ये जाऊन फरक मागितला तर मागणीच कमकुवत होते. ‘रक्कम परत मिळणार नाही’ ही अट पुढे केली जाईल, पण ती ग्राहकाने स्वतःहून बेत बदलल्यास लागू करायची अट आहे. कबूल केलेली खोलीच दिली नाही तर सेवेतील त्रुटीचा मुद्दा उभा राहतो. एकतर्फी अटी छापल्या म्हणून निष्काळजीपणा झाकला जात नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका हॉटेलच्या वाहनतळातून गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात घेतली होती. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे पावतीवर लिहिलेले असूनही, हॉटेलच्या चालकाकडे किल्ली सोपवलेल्या त्या गाडीची जबाबदारी हॉटेलवर आली.

कोणती तक्रार टिकते आणि कोणती टिकत नाही, हेही ओळखायला हवे. कबूल केलेली सोय न देणे, अस्वच्छता, बंद पडलेली यंत्रे, न सांगता लावलेले आकार आणि असुरक्षित जागा यांवरच्या तक्रारी टिकतात. मासळीचे कालवण तिखट होते, पावसामुळे किनाऱ्यावर जाता आले नाही, शेजारच्या लग्नात वाजंत्री उशिरापर्यंत वाजली, अशा गोष्टी तक्रारीत घातल्या की खरे मुद्देही हलके होतात. पाण्याच्या बाटलीवरून पुष्कळ भांडणे होतात, पण हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीहून अधिक दर लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मुभा दिली आहे, तेव्हा तो मुद्दा सोडून द्यावा.

बिल मात्र ओळ न ओळ वाचावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक नसेल तर कर कशाच्या आधारे घेतला, हे विचारावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेवाशुल्क आपोआप बिलात घालता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही तत्त्वे ग्राह्य ठरवली. त्यामुळे ते काढून टाकण्यास सांगावे. वाद असला तरी बिल न भरता निघू नये. ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असे प्रतीवर लिहून, त्याचे छायाचित्र काढून पैसे भरावेत, शक्यतो कार्डाने किंवा यूपीआयने.

घरी परतल्यावर, आरक्षण ऑनलाइन संकेतस्थळावरून केले असेल तर आधी तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार त्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असे उत्तर आले तरी हॉटेल आणि संकेतस्थळ या दोघांनाही पुढच्या प्रत्येक पत्रात सोबत ठेवावे, म्हणजे त्यांना एकमेकांकडे बोट दाखवून वेळ काढता येत नाही. त्यातूनही काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी; तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, तिचे काम समेट घडवून आणण्याचे आहे, तरीही लहान रकमांची पुष्कळ प्रकरणे याच पायरीवर मिटू शकतात. आरक्षण केलेले हॉटेल मुळात अस्तित्वातच नसेल, तर तो सायबर गुन्हा आहे आणि त्यासाठी वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सामान्य कुटुंबाची मोठी सोय केली आहे, ती अशी की तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार दाखल करता येते. मालवणात मुक्काम बिघडलेल्या नागपूरच्या कुटुंबाला त्यासाठी सिंधुदुर्गात खेटे घालावे लागत नाहीत. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून ती ऑनलाइन दाखल करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पैसे ज्याने भरले त्याच्याबरोबरच त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही कायद्याने ग्राहक ठरतो, म्हणून वडिलांनी पैसे भरले असले तरी त्या खोलीत राहिलेली आईही तक्रारदार होऊ शकते.

तक्रार दाखल करण्यापूर्वी हॉटेलला पंधरा दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवणे चांगले. मागणीत परतावा, पर्यायी मुक्कामाचा वाढीव खर्च, शारीरिक व मानसिक त्रासापोटी भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे वेगवेगळे मांडावे. दहा हजारांच्या मुक्कामासाठी पाच लाखांची भरपाई मागू नये. पावत्यांशी जुळणारी मागणी आयोगापुढे अधिक विश्वासार्ह ठरते. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा व्यक्त केली असली तरी प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, याची तयारी ठेवावी. कागदपत्रे लावण्यात अडचण येत असेल तर मुंबई ग्राहक पंचायत किंवा अखिल भारतीय ग्राहक पंचायत यांसारख्या संस्थांकडे विचारणा करावी.

इंटरनेटवर अभिप्राय जरूर लिहावा, कारण पुढच्या कुटुंबाला त्याचा उपयोग होतो. मात्र तारीख, खोलीचा प्रकार आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी एवढेच त्यात असावे, कर्मचाऱ्यांची नावे नसावीत. ‘पैसे द्या, नाहीतर वाईट लिहीन’ असे तर कधीही म्हणू नये, कारण त्या एका वाक्याने तक्रारीची सगळी बाजू उलटते. मधल्या काळात हॉटेलने समेटाचा प्रस्ताव दिला, तर पुढील मुक्कामाच्या कूपनपेक्षा रोख परतावा मागावा, प्रस्ताव लेखी घ्यावा आणि रक्कम खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्यावरच तक्रार मागे घ्यावी.